जुन्या पीसीत नवं ग्राफिक्स कार्ड टाकलं आणि डिस्प्लेच गेला? कार्डाला शिव्या घालायच्या आधी हे बघून घ्या

आधी लक्षणं. तुमच्या मशीनचं यातलं कुठलं आहे ते ठरवा मगच खाली जा, कारण पाच-सहा वेगवेगळे फॉल्ट लोक एकाच वाक्यात सांगतात, "कार्ड टाकलं आणि बंद पडलं".

– बटण दाबलं की पंखे फिरतात, लाईट लागतात, पण मॉनिटरवर "नो सिग्नल". कार्ड काढलं की जुना डिस्प्ले परत येतो.
– बटण दाबलं की पंखा क्षणभर हलतो आणि सगळं बंद. किंवा हूं की चूं नाही.
– विंडोज नीट चालू होतं, एक्सेल, यूट्यूब सगळं ठीक, पण गेम किंवा रेंडर लावला की थोड्या वेळात धाडकन रिस्टार्ट.
– विंडोजचा लोगो येतो, ते गोल फिरतं, आणि मग काळा पडदा.
– डिस्प्ले आहे पण रंगीत चौकोन, रेघा, ठिपके.
– सगळं चालतंय पण गेम आधीसारखाच अडकत अडकत.

मी दुकानदार नाही, नोकरी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत, पण सिडकोपासून पंचवटीपर्यंत ओळखीत कुणी जुन्या मशीनला कार्ड लावलं की संध्याकाळी फोन मलाच येतो. मशिनं पण जवळपास ठरलेली, एक तर कंपनीच्या लॉटमधून निघालेला डेल नाहीतर एचपीचा डबा, किंवा मग २०१२-१३ च्या सुमारास असेंबल करून घेतलेला एच६१ (तेव्हाचा स्वस्तातला इंटेल) बोर्डवाला पीसी, आत आय३ किंवा आय५, आठ जीबी रॅम. पोरगं आर्किटेक्चरला गेलं, कुणाला व्हिडिओ एडिटिंग करायचंय, कुणाला नुसता गेम खेळायचाय, म्हणून कार्ड येतं, कुणी इथूनच घेतं, कुणी सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणतं, कुणी ऑनलाइन सेकंडहँड. आणि पुढचं वाक्य ठरलेलं, "दादा, कार्ड डेड आलंय वाटतं."

बहुतेक वेळा कार्ड ठणठणीत असतं. जुन्या वाड्याच्या वायरिंगवर एसी लावावा तसा प्रकार असतो हा, दोष एसीत नसतो. म्हणून कार्डाकडे सगळ्यात शेवटी बोट दाखवायचं, आधी त्याच्या आजूबाजूचं सगळं बघायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रॅम पण काढली, सेल पण काढला, केबल पण बदलली आणि मग चालू झालं, तर नक्की कशाने झालं ते कळतच नाही आणि महिन्याने तोच फॉल्ट परत आला की पुन्हा पहिल्यापासून.

हात घालायच्या आधी एवढंच: स्विच बंद करून भागत नाही, प्लग काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेला चार्ज जातो, आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मग कार्ड धरा, कडेने धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका.

केबल कुठे खुपसलीय ते बघा

फुकटचा चेक आणि सगळ्यात जास्त वेळा इथेच काम होतं. कार्ड लावल्यावर मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टात लावायची, मदरबोर्डच्या जुन्या पोर्टात नाही. सांगायला बावळटपणाचं वाटतं पण पीसी टेबलाखाली, मागे अंधार, सवयीने हात जुन्याच पोर्टाकडे जातो, आणि बऱ्याच इंटेल बोर्डांवर कार्ड दिसलं की बायोस (बोर्डात भरलेला, मशीन चालू होताना आधी चालणारा प्रोग्रॅम) ऑनबोर्ड डिस्प्ले आपोआप बंद करतं, म्हणजे जुन्या पोर्टात "नो सिग्नल" येणारच, त्यात बिघाड काही नाही.

दुसरी गोष्ट मॉनिटर जुना असेल त्यांच्यासाठी. तुमचा मॉनिटर फक्त व्हीजीए असेल (निळा कनेक्टर, दोन बाजूंना स्क्रू) तर इथे नीट वाचा. एनव्हिडियाच्या जीटीएक्स ९०० मालिकेपर्यंत डीव्हीआय पोर्टातून ॲनालॉग सिग्नल निघायचा, त्यामुळे तो छोटा पांढरा डीव्हीआय टू व्हीजीए जोड लावून काम भागायचं. जीटीएक्स १०५०, १०६० पासून ते बंद झालं. आता पोर्ट डीव्हीआय-डी असतो, त्यात तो पांढरा जोड बसतच नाही, आणि कुठून तरी बसणारा मिळाला तरी सिग्नल येत नाही कारण द्यायला सिग्नलच नाही. तिथे आत चिप असलेला एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर लागतो. दुकानात मागताना दिशा स्पष्ट सांगा, कार्डाकडून एचडीएमआय निघणार आणि मॉनिटरला व्हीजीए जाणार, कारण दिसायला तसाच पण उलट्या दिशेचा व्हीजीए टू एचडीएमआय पण मिळतो आणि लोक तो घेऊन येतात आणि मग परत "कार्ड डेड". काही कन्व्हर्टरना बाजूने यूएसबीची पॉवर द्यावी लागते, ते छोटं भोक नुसतं शोभेला नसतं.

तिसरं, मॉनिटरच्या मेनूत सोर्स बघा. एचडीएमआय लावलंय आणि मॉनिटर व्हीजीएवरच अडकून बसलाय हे पण चालतं आपल्याकडे. शक्य असेल तर केबल टीव्हीला लावून बघा, घरात टीव्ही असतोच.

कार्ड खरंच बसलंय का

कार्ड काढा आणि परत बसवा. स्लॉटच्या टोकाला जी क्लिप असते ती "टक्" वाजली पाहिजे. आपल्याकडच्या स्वस्त कॅबिनेटांचा एक खास रोग आहे, मागचा पत्रा जरा वाकडा असतो, कार्ड आधी नीट बसतं पण ब्रॅकेटचा स्क्रू आवळला की मागचं टोक वर उचललं जातं आणि एक-दोन मिलिमीटरने संपर्क तुटतो. म्हणून एकदा स्क्रू न लावता, कॅबिनेट आडवं झोपवून, चालू करून बघा. तसं चालू झालं तर फॉल्ट पत्र्यात आहे, पक्कड घेऊन पत्रा सरळ करा, झालं.

सोनेरी पट्ट्या शाळेतल्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा आणि कचरा ब्रशने झाडून टाका, स्लॉटमध्ये जाऊ देऊ नका. पावसाळ्यात बंद खोलीत पडून राहिलेल्या मशीनला याचा हमखास फरक पडतो. रॅमलाही तेच करा, पण वेगळ्या फेरीत. कार्ड लावताना हाताचा धक्का लागून रॅमची एक बाजू उचलली जाते हे होतं, आणि मग डिस्प्ले नाही म्हणून संशय कार्डावर.

दोन लांब स्लॉट असतील तर प्रोसेसरच्या जवळचा वापरा. खालचा दिसायला तेवढाच लांब असतो पण पुष्कळ बोर्डांवर आतून चारच लेन (डेटा जायच्या वाटा) जोडलेल्या असतात.

पॉवरची पिन, आणि पंख्यावरून निष्कर्ष काढू नका

स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून जास्त भूक असलेल्या कार्डांच्या डोक्यावर ६ पिन (आणखी ७५ वॅट) किंवा ८ पिन (१५० वॅट) असते. ती लावली नाही तर काही कार्डं पडद्यावर तसा मेसेज देतात, काहींचे पंखे नुसते बोंबलतात आणि डिस्प्ले काळा. आणि पंखा फिरतोय म्हणजे कार्ड चालू आहे असं नसतं, स्लॉटमधून १२ व्होल्ट आले एवढंच त्यातून कळतं. उलटही खरं, बरीच नवी कार्डं गरम होईपर्यंत पंखा फिरवतच नाहीत, त्यामुळे पंखा थांबलेला दिसला म्हणून घाबरू नका.

आता धोक्याचं. एसएमपीएसमधून (कॅबिनेटमधला पॉवर सप्लायचा डबा) प्रोसेसरसाठी येणारी ४+४ पिन आणि कार्डाची ६+२ पिन या सारख्या दिसतात पण त्यातल्या प्लस-मायनसच्या जागा उलट्या आहेत. खाच जुळत नसते म्हणून ती सहज जात नाही, पण जोर लावून घुसवणारे महाभाग मी पाहिलेत. जोर लागत असेल तर ती पिन त्याची नाही, विषय संपला.

आणि तो साटा (हार्ड डिस्कचा चपटा पॉवर प्लग) टू ६ पिन जोड, जो काही कार्डांबरोबर बॉक्समध्येही येतो, तो कचऱ्यात टाका. साटाच्या कनेक्टरची १२ व्होल्टची क्षमता साधारण ४.५ अँपियर, म्हणजे ५४ वॅट, आणि ६ पिनवर कार्ड ७५ वॅट मागू शकतं. तो प्लास्टिकसकट वितळतो. मोलेक्सच्या (जुना चार पिनांचा पॉवर प्लग) दोन पिना एकत्र करून ६ पिन देणारा जोड त्यापेक्षा बरा, पण दोन्ही मोलेक्स एकाच वायरीवरचे नकोत. माझ्या मते तरी ज्या एसएमपीएसला मुळातच ६ पिन दिलेली नाही तो बनवणाऱ्यानेच सांगून टाकलंय की माझ्याकडून एवढं होणार नाही.

यूपीएस बाजूला काढा

हा चेक फारसं कोणी सांगत नाही पण आपल्याकडे यूपीएसशिवाय पीसी नसतो म्हणून मी लवकर करतो. घरोघरी जो ६०० व्हीएचा यूपीएस आहे तो वॅटमध्ये साधारण ३६० असतो, आणि त्याची बॅटरी तीन-चार वर्षांची झालेली. त्यावर पीसी, मॉनिटर, वायफायचा राउटर, कधी कधी प्रिंटरसुद्धा. गेम चालू झाला, कार्डाने एकदम करंट ओढला, त्याच वेळी व्होल्टेज जरा हललं, यूपीएस बॅटरीवर गेला आणि बॅटरीत दम नाही म्हणून सगळं बंद. लोकांना वाटतं कार्डाने रिस्टार्ट केलं.

पीसी थेट भिंतीतल्या १६ अँपियरच्या सॉकेटला किंवा चांगल्या बोर्डाला लावा आणि तोच गेम तेवढाच वेळ चालवा. रिस्टार्ट बंद झालं तर खर्च यूपीएसच्या बॅटरीचा, कार्डाचा नाही. नवा भारी एसएमपीएस असेल आणि लाईट गेल्या क्षणीच पीसी बंद पडत असेल तर त्यातही एक गोम आहे, ॲक्टिव्ह पीएफसीवाल्या (वीज नीट ओढणारं सर्किट असलेल्या) काही एसएमपीएसना स्वस्त यूपीएसची चौकोनी लाट मानवत नाही.

हे करताना कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर थांबा. जुन्या वाड्यांत, चाळीत, तीन पिनचं सॉकेट असतं पण मागे अर्थिंगची वायरच नसते. हे काम वायरमनचं, कॉम्प्युटरवाल्याचं नाही, आणि अर्थिंग नसताना कार्ड बदलत बसणं म्हणजे पैसे जाळणं, शिवाय अशात चालू मशीनला एचडीएमआय लावता-काढता पोर्टही उडतो.

सेल आणि बायोस

कार्ड काढलं की डिस्प्ले येतो, लावलं की जातो, केबल बरोबर, पिन बरोबर: आता बायोस. मदरबोर्डवरचा रुपयाच्या नाण्याएवढा सेल, सीआर २०३२, कुठल्याही घड्याळवाल्याकडे चाळीस-पन्नासला मिळतो. पीसीची तारीख रोज मागे जात असेल तर तो गेलाय. प्लग काढून सेल काढा, पाच-दहा मिनिटं तसंच ठेवा, नवा टाका. यामुळे जुनी सेटिंग पुसली जातात आणि बोर्ड नव्याने बघतो की आपल्यात काय काय लावलंय.

नाही झालं तर कार्ड काढून ऑनबोर्डवर बायोसमध्ये जा. "प्रायमरी डिस्प्ले" किंवा "इनिट डिस्प्ले फर्स्ट" अशा नावाचं सेटिंग शोधा आणि पीईजी किंवा पीसीआय एक्सप्रेस (दोन्ही म्हणजे कार्डाचा स्लॉट) करा. स्लॉटचा स्पीड जेन ३ वर (जेन म्हणजे स्लॉटची पिढी) किंवा ऑटोवर असेल तर जेन २ करून बघा, कार्ड आणि जुना बोर्ड यांचं स्पीडवरून भांडण असेल तर ते इथे मिटतं, आणि साध्या कार्डाला त्याचा फरक जाणवतही नाही.

मग येतं सीएसएम, म्हणजे नव्या बायोसला जुन्या पद्धतीने चालवायचं सेटिंग. २०१२ ला विंडोज ८ आलं त्या सुमाराला नव्या पद्धतीचं यूईएफआय बायोस सगळीकडे रुळलं, त्याआधीच्या बोर्डांत जुनं लेगसी. बोर्डावर सीएसएम बंद आहे आणि कार्ड जुनं सेकंडहँड आहे तर लोगोपर्यंत काहीच दिसत नाही, तिथे सीएसएम चालू करा. बोर्ड जुना आणि कार्ड नवं असेल तर कधी कधी बोर्डाचं बायोस अपडेट लागतं. पण एक लक्षात ठेवा, तुमचं विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीने टाकलेलं असेल आणि तुम्ही सीएसएम बंद केलं तर विंडोजच चालू होणार नाही आणि तुम्ही हार्ड डिस्क गेली म्हणून डोकं धरून बसाल. काही गेलेलं नसतं, सेटिंग परत होतं तसं करा.

कॅबिनेटमध्ये छोटा स्पीकर असेल तर बीप ऐका. एक लांब आणि दोन छोटे म्हणजे बोर्डाला डिस्प्ले कार्ड नीट सापडत नाहीये. हल्लीच्या कॅबिनेटांत स्पीकर नसतोच, सुटा मिळतो, अगदी स्वस्त, चार पिनांवर लावायचा. असा एक ड्रॉवरमध्ये असू द्या.

विंडोजपर्यंत पोचतं आणि मग काळं

म्हणजे कार्ड चालतंय, ड्रायव्हरने घोळ केलाय. सेफ मोडमध्ये जा, तिथे डिस्प्ले नीट असेल तर डीडीयू नावाचं फुकट टूल वापरून जुने सगळे ड्रायव्हर साफ करा, नेट बंद ठेवून, नाहीतर विंडोज मधेच स्वतःच्या मनाने काहीतरी टाकून ठेवतं. मग कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर घ्या. अजून विंडोज ७ वर असाल तर तिथेच घोडं अडलंय, एनव्हिडियाने विंडोज ७ साठी नेहमीचे ड्रायव्हर काढणं २०२१ मध्ये थांबवलं, त्यानंतर आलेलं कार्ड त्यावर चालवायचा हट्ट सोडा. विंडोज १० चा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय पण ड्रायव्हर त्यावर अजून बसतात.

ड्रायव्हर बसतच नाही, एरर देतो, आणि कार्ड ऑनलाइन फारच स्वस्तात मिळालेलं? मग जीपीयू-झी (कार्डाची माहिती दाखवणारं फुकट टूल) उघडा. जुन्या जीटीएस ४५० किंवा ५५० टीआय कार्डाचं बायोस बदलून "१०५० टीआय ४ जीबी" म्हणून विकायचा धंदा जोरात चालला होता, जीपीयू-झी अशा कार्डाच्या नावाआधी फेक असं दाखवतं. मागे व्हीजीए पोर्ट असलेलं १०५० टीआय दिसलं की मला तर टूल उघडायच्या आधीच वास येतो, कारण ते वर सांगितलंच.

एसएमपीएस, म्हणजे खरा गुन्हेगार

गेम लावल्यावर रिस्टार्ट, किंवा बटण दाबल्यावर क्षणभर हलून बंद, या दोन्हीत माझा पहिला संशय इथेच. आधी फुकटचं करा, कॅबिनेटचं दार काढून एसएमपीएसवरचं लेबल वाचा. मोठ्या अक्षरात लिहिलेले "४५० वॅट" विसरा. टेबलात +१२ व्होल्टच्या खाली किती अँपियर लिहिलंय ते बघा, कारण कार्ड आणि प्रोसेसर दोघंही जेवतात ते १२ व्होल्टवरच. तिथे १४ असेल तर १४ गुणिले १२, म्हणजे १६८ वॅट, बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टवर दाखवून आकडा फुगवलेला असतो. आता हिशोब करा. आय५ ३४७० चा टीडीपी (म्हणजे लोडवर साधारण किती खातो) ७७ वॅट, जीटीएक्स १६५० चा ७५, हे झाले १५२, वर हार्ड डिस्क, पंखे, बोर्ड. काठावर. आणि आरएक्स ५८० सारखं १८५ वॅटचं कार्ड सेकंडहँडमध्ये स्वस्त मिळालं म्हणून आणलंत तर हिशोब करायचीही गरज नाही.

कंपनीच्या लॉटमधले डबे याबाबतीत जास्त प्रामाणिक असतात, डेलच्या ऑप्टिप्लेक्स ७०१० च्या मिनिटॉवरमध्ये २७५ वॅट असतो आणि तो खरा असतो, ६०-७५ वॅटचं बिनपिनेचं कार्ड त्यावर सुखाने चालतं (७५० टीआय ६० वॅट, १०५० टीआय ७५). पण त्यांची दुसरी अडचण, सगळ्या मॉडेलमध्ये बाजारातला साधा एसएमपीएस बसत नाही. ऑप्टिप्लेक्स ९०२० च्या बोर्डाला २४ पिन नाही, ८ पिनचा स्वतःचा कनेक्टर आहे, त्याला वेगळा जोड लागतो. आणि बारकं एसएफएफ कॅबिनेट असेल तर लो प्रोफाइल (कमी उंचीचं) कार्डच लागतं, बॉक्समध्ये छोटी ब्रॅकेट आहे का ते घेतानाच बघा.

फॉल्ट एसएमपीएसचाच आहे हे पैसे न घालता ओळखायची एक युक्ती आहे. आफ्टरबर्नरमध्ये (कार्डाची पॉवर, स्पीड बदलायचं सॉफ्टवेअर) पॉवर लिमिट ६०-७० टक्क्यांवर आणा, किंवा गेममध्ये एफपीएस ३० ला बांधून टाका. तसं केल्यावर जो गेम लगेच रिस्टार्ट मारत होता तो तासभर चालला तर समजून जा. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्येही बघा, कर्नल-पॉवर ४१ नुसतं एवढंच सांगतं की पॉवर अचानक गेली, त्यात बगचेक कोड शून्य असेल तर निळा पडदा न येता करंटच तुटलाय, म्हणजे पुन्हा हीच दिशा. ४१ ऐवजी डिस्प्ले ४१०१ दिसत असेल तर ड्रायव्हर अडकून परत सावरलाय, तिथे ड्रायव्हर आणि तापमान बघा.

मल्टिमीटर असेल आणि वापरायची सवय असेल तर रिकाम्या मोलेक्सच्या पिवळ्या आणि काळ्या वायरीवर व्होल्टेज मोजा, आधी नुसतं आणि मग गेम चालू असताना. ११.४ ते १२.६ च्या आत पाहिजे. लोडवर ११.२ ला उतरत असेल तर बोलायलाच नको. सॉफ्टवेअर दाखवतं त्या व्होल्टेजवर मी विश्वास ठेवत नाही, जुन्या बोर्डांचे सेन्सर काहीही फेकतात.

अजून एक, हे थंडीतलं. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडून वगैरे फोन येतात की सकाळी पीसी चालू होत नाही, दोन-तीनदा बटण दाबलं की होतो आणि मग दिवसभर चांगला. म्हाताऱ्या कपॅसिटरचं लक्षण आहे ते, थंडीत त्यांची ताकद आणखी कमी होते, थोडं तापलं की चालतं. बोर्डावरचे कपॅसिटर वरून फुगलेत का, खाली चिकट तपकिरी काही आलंय का बघा. नवं कार्ड लावल्यावर हे जास्त जाणवतं कारण चालू होतानाच मागणी वाढलेली असते. एसएमपीएसमधले कपॅसिटर बघायला तो उघडायचा नाही, त्याबद्दल खाली.

मित्राकडचा चांगला एसएमपीएस तासाभरासाठी मागून आणा, कॅबिनेटच्या बाहेरच ठेवून जोडा आणि तपासा. घेणार असाल तर नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लसवाला (वीज कमी वाया घालवतो असा शिक्का असलेला), ६+२ पिन असलेला ४५०-५५० वॅटचा घ्या. कार्डावर दोन हजार कमी खर्च करा पण इथे करू नका, हे मी तोंडावर सांगतो आणि लोकांना राग येतो.

उन्हाळा, रेघा, आणि अडकणारा गेम

एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो आणि पीसी भिंतीला चिकटवून ठेवलेला. जीपीयू-झीच्या सेन्सरमध्ये तापमान बघा, ऐंशीच्या वर सतत जात असेल तर एनव्हिडियाची बरीच कार्डं ८३ च्या आसपास स्वतःच स्पीड उतरवतात. ब्लोअरने धूळ काढा, पंखा बोटाने धरून, नाहीतर हवेने तो सुसाट फिरून बेअरिंग जातं. एक बाजूचं दार काढून चालवा, दहा डिग्री उतरलं तर कॅबिनेटला पंखा पाहिजे.

थंड असतानाही, बायोसच्या पडद्यावरही रेघा-चौकोन दिसत असतील तर केबल बदलून बघा आणि तरी असतील तर ही व्हिडिओ मेमरी किंवा चिप आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग संपलं तेव्हा ढिगाने वापरलेली कार्डं बाजारात आली, त्यातली बरीच चांगली निघाली, पण काहींचं बायोस बदललेलं आणि मेमरी भाजलेली. कार्डावर दोन बायोसचं छोटं बटण असेल तर मशीन बंद करून दुसरीकडे सरकवून बघा, झालं तर झालं.

सगळं ठीक पण स्पीडच नाही, तर कार्ड कुठलं घेतलंय ते बघा. आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी चारच लेनवर चालतात, पीसीआय एक्सप्रेस ४ साठी बनवलेली आहेत, जुन्या जेन २ किंवा ३ च्या बोर्डावर त्यांचा गळा आवळला जातो. इंटेलच्या आर्क कार्डांना रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतं, जे जुन्या बोर्डांत नाही. यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही, बदलून मिळत असेल तर बदला.

दुसऱ्या मशीनवर, आणि मग कधी थांबायचं

इथपर्यंत येऊनही डिस्प्ले नाही तर कार्ड दुसऱ्या, थोड्या नव्या आणि चांगला एसएमपीएस असलेल्या पीसीवर लावून बघा. नेताना अँटिस्टॅटिक पिशवीत, बॉक्समध्ये, गाडीच्या डिकीत नुसतं टाकून नाही. तिथे चाललं तर फॉल्ट तुमच्या बोर्डात किंवा बायोसमध्ये. तिथेही नाही चाललं तर आता म्हणा कार्ड डेड, आणि वॉरंटी असेल तर एकही स्क्रू न उघडता द्या.

बायोस अपडेट मी स्वतः करतो पण तुम्ही आधी कधी केलं नसेल तर करू नका. मधेच लाईट गेली तर बोर्ड उठत नाही, मग चिपवर प्रोग्रॅमर लावून लिहावं लागतं आणि ते चिप लेव्हलवाल्याचं (बोर्डावरच्या सुट्या चिपा दुरुस्त करणाऱ्याचं) काम आहे.

पुढच्या गोष्टी दिसल्या की हात काढून घ्या आणि माणूस बोलवा. जळका वास किंवा धूर. पिन वितळलेली, काळी पडलेली. प्लग लावताच घरातला एमसीबी पडतो. कॅबिनेटला शॉक. फुगलेले कपॅसिटर. आणि एसएमपीएसचा डबा कुठल्याही कारणाने उघडायचा नाही, प्लग काढल्यानंतरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात, तो दुरुस्त करत बसण्यापेक्षा बदलतात.

कार्ड ओव्हनमध्ये भाजायचे, हीट गन मारायचे व्हिडिओ फिरत असतात. त्याने कधी कधी थोडे दिवस चालतं आणि परत जातं, आणि त्यानंतर चांगला चिप लेव्हलवालाही हात लावायला तयार होत नाही. "रिबॉल करून देतो, गॅरंटी नाही" असं कोणी म्हणालं (रिबॉल म्हणजे चिप काढून खालचे टाके नव्याने घालणं) तर सेकंडहँड कार्डाच्या किमतीशी तुलना करून ठरवा, जुन्या कार्डाला बहुतेक वेळा परवडत नाही.

दुरुस्तीवाल्याकडे जाताना "डिस्प्ले येत नाही" एवढंच सांगू नका. कुठल्या केबलने, कुठल्या मॉनिटरवर, बीप किती, दुसऱ्या एसएमपीएसवर काय झालं, दुसऱ्या पीसीवर काय झालं, हे कागदावर लिहून द्या, त्याचा अर्धा तास आणि तुमचे तपासणीचे पैसे वाचतात. कार्ड तिथे ठेवून येणार असाल तर सिरियल नंबरच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा, पावतीवरही तो नंबर लिहून घ्या.